दिव्याखालचा गोंगाट

दिव्याखाली अंधार ही आपली जुनी म्हण. दिवा साऱ्या घराला उजेड देतो, पण त्याच्या बुडाशी काळोखच राहतो, असा तिचा भाव. समईच्या काळात ती खरी होती. आजचा विजेचा दिवा छताला उलटा टांगलेला असतो, त्यामुळे त्याच्याखाली अंधार राहत नाही. पण अंधाराच्या जागी तेथे आता गोंगाट येऊन बसला आहे. हा गोंगाट उघड्या कानांना ऐकू येत नाही, म्हणून त्याविषयी फारशी तक्रारही होत नाही. मात्र ज्यांच्या घरी अजून रेडिओ लागतो, आणि त्यातही ज्यांना दूरदेशीचे क्षीण ध्वनी टिपण्याचा छंद आहे, त्यांच्या तो चांगल्याच परिचयाचा आहे.

ज्यांना खोटे वाटत असेल त्यांनी घरच्या घरी प्रयोग करून पाहावा. बॅटरीवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घ्यावा, मध्यम लहरींवर एखादे दूरचे, अस्पष्ट केंद्र लावावे आणि तो हळूहळू स्वस्तातल्या एखाद्या एलईडी दिव्याजवळ न्यावा. गाणे मागे मागे सरते आणि एक घुरघुर पुढे येते. दिवा मालवला की गाणे परत येते. मोहल्ल्याची वीज गेली, सगळीकडे अंधार झाला, की आपला ट्रान्झिस्टर एकाएकी स्वच्छ गाऊ लागतो, हा अनुभव तर पुष्कळांनी घेतला असेल. आपण मात्र वीज गेल्याच्या त्राग्यात असतो, त्यामुळे त्या स्वच्छ सुराकडे आपले लक्ष जात नाही.

घुरघुरीचा षड्ज

प्रस्तुत लेखक संगीताचा मास्तर आहे, यंत्रविद्येचा नव्हे. तेव्हा या घुरघुरीकडे त्याचे लक्ष प्रथम गेले ते स्वर म्हणून. आपल्याकडची घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट वाहते. दिव्याच्या पोटातील यंत्रणा प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा जोर घेते, म्हणून रेडिओत जो गुणगुणाट येतो तो सेकंदाला १०० कंपनांचा असतो. पेटीच्या अगदी खालच्या सप्तकातील पांढरी पाच ही सुमारे ९८ कंपनांची आणि तिच्या पुढची काळी चार सुमारे १०४ कंपनांची. म्हणजे आपल्या घरातील दिव्यांचा षड्ज हा पांढरी पाचहून किंचित चढा आहे. भोपाळपासून कोल्हापुरापर्यंत सारे दिवे याच एका सुरात घुरघुरतात; वीजजाळे एकच असल्यामुळे सगळ्यांचा तंबोरा एकाच पट्टीत लागलेला. इतके उत्तम सुरात मिळालेले आणि इतके नकोसे वाटणारे समूहगान दुसरे नसेल.

आता हा स्वर मुळात उत्पन्न कसा होतो? जुना तारेचा दिवा अगदी साधा होता. तार तापली, उजेड पडला. त्याच्या पोटात कसलीही उलाढाल नव्हती, त्यामुळे रेडिओच्या दृष्टीने तो मौनी होता. एलईडीला मात्र २३० व्होल्टची उलटसुलट वीज चालत नाही. तिला थोड्या दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज हवी. म्हणून दिव्याच्या बुडाशी एक चिमुकली यंत्रणा बसवलेली असते. ती आलेली वीज सरळ करते आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडते. समजा हे चालू-बंद सेकंदाला ५० हजार वेळा होते आहे. मग ५० किलोहर्ट्झची ही धडपड ७००० किलोहर्ट्झवरच्या रेडिओला कशी बाधते, असा प्रश्न पडेल.

त्याचे उत्तर तंबोऱ्यात आहे. खर्जाची तार छेडली की एकटा षड्ज वाजत नाही. त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनेही तिच्यातून निघतात, आणि लक्ष देऊन ऐकले तर न छेडलेला स्वयंभू गंधार कानी पडतो. तो मूळ षड्जाच्या पाचपट कंपनांचा असतो. जवारी जितकी खुली तितके हे वरचे स्वर अधिक. विजेचे चालू-बंद हे असेच आहे. ते हळुवार होत नाही, तोडल्यासारखे झटक्याने होते. म्हणजे जवारी अगदी बेताल उघडलेली. त्यामुळे ५० हजारांच्या मूळ स्वराचे दुप्पट, दसपट, शंभरपट स्वर निघत राहतात, आणि १४०वा स्वयंभू स्वर बरोबर ७००० किलोहर्ट्झवर येऊन बसतो. घरभर पसरलेल्या विजेच्या तारा या कामी आयत्याच आकाशतारा बनतात आणि तो गोंगाट शेजारपाजारी वाटून देतात.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. दिवा बनवतानाच आत एक लहानसे वेटोळे आणि एक-दोन संधारित्रे घातली की हे वरचे स्वर आतल्या आत जिरतात. चांगले कारखानदार ती घालतात. हलक्या मालात मात्र पहिली काटकसर येथेच होते, कारण गिऱ्हाईक उजेड पाहून दिवा घेते, त्याचे मौन तपासून कोणी घेत नाही.

जुन्या पिढीची शेजारधर्माची डबी

ही काटकसर किती अनुदार आहे हे ट्यूबलाइटच्या उदाहरणावरून कळेल. ट्यूबलाइट १९३८ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली, पुढे ती आपल्याकडेही घरोघर झाली. चोक आणि स्टार्टर हे शब्द आपल्या आज्यांच्याही तोंडी होते. स्टार्टर म्हणजे ती बोटभर लांबीची गोल डबी. ती उघडून पाहिली तर आत काचेच्या कुपीशेजारी एक इवलेसे संधारित्र आढळते. ट्यूब पेटताना जी ठिणगी पडते तिचा खरखराट रेडिओत जाऊ नये, यासाठी मुख्यत्वे त्याची योजना केलेली असते. ते नसते तरी उजेड तेवढाच पडला असता. परंतु आपला दिवा शेजाऱ्याच्या गाण्यात खडा घालू नये, एवढी जाणीव त्या काळच्या बनवणाराने त्या डबीत घालून ठेवली होती.

जगात हा विचार त्याहूनही जुना आहे. रेडिओला होणारे असले उपद्रव मोजावेत आणि त्यांना मर्यादा घालावी, यासाठी १९३४ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक भरली. सिस्पर या नावाने ती ओळखली जाते. दिव्यांनी किती गोंगाट करावा याचे स्वतंत्र मानक आजही तिच्याकडून निघते. नियम आहेत, मोजण्याची रीत आहे. उणीव असते ती पाळण्याची.

दिव्यानेच रेडिओला जन्म दिला

गंमत अशी की रेडिओचा हा वैरी एके काळी त्याचा जन्मदाता होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांवर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीची कमान पेटवणारे दिवे असत. ते फार कुरकुरत, किंचाळत. विल्यम डडेल नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने त्या आवाजाचा छडा लावण्याचे काम हाती घेतले. शोध घेता घेता त्याला आढळले की कमानीला वेटोळे आणि संधारित्र जोडले तर ती कुरकुर थांबून तिच्यातून एक निश्चित स्वर निघतो, आणि संधारित्र बदलले की स्वरही बदलतो. मग काय, त्याने दिव्याला पेटीसारख्या पट्ट्याच जोडल्या आणि १९०० साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या सभेत दिव्यावर चक्क राष्ट्रगीत वाजवून दाखवले. गाणारा दिवा म्हणून त्याचा लौकिक झाला. दीपक रागाने दिवे पेटल्याची आख्यायिका आपण ऐकत आलो. येथे दिव्यानेच गाणे धरले!

डडेलच्या दिव्याचे स्वर कानाला ऐकू येण्याजोगे होते. पुढे दोन-तीन वर्षांतच डेन्मार्कच्या वाल्देमार पौल्सेनने तीच कमान अधिक वेगाने, कानाच्या मर्यादेपलीकडे कंप पावेल अशी केली आणि तिच्यातून अखंड बिनतारी लहरी मिळवल्या. आरंभीच्या काळात मनुष्याचा बोललेला शब्द बिनतारी पाठवण्याच्या प्रयोगांत या कमानीचा मोठा वाटा होता. दिव्याची कुरकुर एका जिज्ञासू कानाने ऐकली म्हणून हे घडले.

हौशी मंडळी

आता ज्यांना या गोंगाटाचा सर्वाधिक जाच होतो त्यांच्याकडे वळू. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून बिनतारी संदेश पाठवणारे आणि ऐकणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना हॅम म्हणतात. पैसा मिळवायचा नाही, जाहिरात करायची नाही, केवळ विद्येच्या आवडीने परस्परांशी बोलायचे, असा हा संप्रदाय. आपल्या देशातील परवानेधारकांची सांकेतिक नावे व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधी हेही या मंडळींपैकी एक होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

या संप्रदायाचे एक मूळ आपल्याच प्रांतात आहे, ही भोपाळकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर हौशी बिनतारीवाल्यांच्या अखिल भारतीय संस्थेची स्थापना १५ मे १९४८ रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत, सैन्याच्या सिग्नल्स विद्यालयात झाली. पुढे तिचे ठाणे दिल्लीला गेले. आपल्या श्यामला टेकडीवरील आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९५६ साली, राज्याची राजधानी येथे आली त्या सुमारास. नागपूरहून आणि ग्वाल्हेर-इंदूरकडून बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना नव्या, अनोळखी गावात संध्याकाळच्या वेळी रेडिओनेच सोबत केली.

पिपलानीकडे राहणारे एक वयस्क गृहस्थ या संप्रदायातले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचा नातू आमच्याकडे गाणे शिकतो. रोज सकाळी साडेसहाला आप्पा ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आपल्या चार-पाच मित्रांशी मराठीत बोलतात. कोणी इंदूरला, कोणी पुण्याला, एक सांगलीकडे. सांगलीकडचे गृहस्थ एकटे राहतात, प्रकृतीने थकलेले आहेत. त्यांचा संच लहान, जेमतेम दहा वॅटचा. सकाळी त्यांचा आवाज आला की मंडळी समजतात, आजचा दिवस ठीक उजाडला. गेल्या हिवाळ्यात आप्पांच्या कानांवरून तो आवाज नाहीसा झाला. पुण्याचे मित्र सांगत, "अहो आप्पा, ते बोलताहेत, आम्हाला ऐकू येतंय." पण आप्पांना घुरघुरीवाचून काही ऐकू येईना. आठ-दहा दिवस असे गेल्यावर त्यांनी निरोप धाडला, "मास्तर, जरा तुमचे कान उसने द्या."

आम्ही गेलो. आप्पांनी घरचा मुख्य खटका बंद केला आणि संच बॅटरीवर लावला. घुरघुर थोडी उतरली, पण राहिली. खटका पुन्हा चालू केला तेव्हा आमच्या ध्यानात आले की आवाज एक नसून दोन आहेत. पट्टी एकच, पण जात निराळी. सनई आणि सारंगी एकाच स्वरात लागावी तशी. एक आवाज घरातला होता. तो माजघरातल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा निघाला. बटण फिरवले की तो रंग बदलत असे. दुसरा बाहेरून येत होता. मग आप्पांनी ट्रान्झिस्टर हाती घेतला. ट्रान्झिस्टर आडवा धरून फिरवला की एका दिशेला आवाज पडतो, तेव्हा त्याच्या आतली कांडी उगमाकडे रोखलेली असते. असे करत करत आम्ही कुंपणाशी पोचलो. पलीकडच्या घराच्या फाटकावर नवे चार एलईडी दिवे जळत होते, सकाळ झाली तरी.

आता यापुढची गोष्ट यंत्राची नाही. त्या घरी एक पोक्त बाई एकट्या राहतात, मुलगा परदेशी. गल्लीत चोरीची अफवा उठली म्हणून त्यांनी दिवे लावून घेतलेले. आप्पा म्हणाले, "भाभीजी, आपके दिये मेरे रेडिओ में बोलते हैं." बाईंना ती थट्टाच वाटली. मग आप्पांनी त्यांना घरी बोलावून हेडफोन कानाला लावून दिला, आणि नातवाने पलीकडे जाऊन दिवे मालवले. घुरघुर एकदम बसली. त्या शांततेत कोणाचा तरी बारीक, थांबत थांबत येणारा मराठी आवाज होता. बाईंना मराठी कळत नाही. त्यांनी विचारले, "कौन हैं ये?" आप्पांनी सांगितले. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पर रात को अँधेरा तो मैं नहीं रख सकती, भाईसाहब."

त्यांचेही खरेच होते. एकाला ऐकू यायला हवे, दुसरीला दिसायला हवे. यात कोणाची गरज लहान म्हणावी? आप्पांनी पदरचे पैसे घालून चांगल्या बनावटीचे चार दिवे आणले आणि त्यांच्या तारांवर फेराइटची कडी चढवली. गोंगाट पार गेला नाही, पण सांगलीचा आवाज त्याच्यावर येऊ लागला. बाई आता अधूनमधून विचारतात, "आपके दोस्त बोले आज?"

प्रश्न फक्त छंदाचा नाही

कोणी म्हणेल, मोबाइलच्या युगात चार म्हाताऱ्यांच्या गप्पांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण २६ जानेवारी २००१ रोजी भुजला भूकंप झाला आणि टेलिफोन मुके झाले, तेव्हा या हौशी मंडळींनी संच घेऊन धाव घेतली होती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचे इतर दळणवळण कोलमडले असता त्यांच्या संचावरून कितीतरी लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचली. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे वीज नसते, बॅटरीवर मिळेल तेवढ्या शक्तीत तो बोलतो. त्याचा क्षीण आवाज ऐकू येणे हे ऐकणाऱ्याच्या घराभोवती किती शांतता आहे यावर अवलंबून असते. पाठवणाऱ्याची शक्ती वाढवता येत नाही. गोंगाट मात्र कमी करता येतो.

आणि शांततेत काय काय सापडते! १९३० च्या दशकाच्या आरंभी कार्ल जान्स्की हा अमेरिकन अभियंता समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनला बाधणाऱ्या खरखराटाची छाननी करीत होता. जवळची वादळे, दूरची वादळे वजा केल्यावरही एक मंद सुस्कारा उरला, आणि तो रोज चार-चार मिनिटे लवकर येत होता. तारे उगवतात त्याच हिशेबाने! तो आकाशगंगेचा आवाज निघाला. १९३३ साली त्याने ही वार्ता जाहीर केली आणि रेडिओ खगोलशास्त्राचा पाया पडला. आपल्या महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जी महाकाय दुर्बीण उभी राहिली, तिच्यासाठी ती जागा निवडताना मानवी रेडिओ-गोंगाट तेथे कमी आहे हाही एक मोठा विचार होता. तेथील शास्त्रज्ञांना आजही विजेच्या तारांवरील ठिणग्यांशी झगडावे लागते. सांगलीचा थकलेला आवाज आणि आकाशगंगेचा सुस्कारा यांचा शत्रू एकच आहे.

एलईडी दिव्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. २०१५ पासून उजाला योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यांनी गरिबाचे वीजबिल उतरवले, वीज वाचवली. तारेच्या दिव्याकडे परत जा असे कोणी शहाणा सांगणार नाही. मागणी एवढीच की दिव्याने उजेडाबरोबर थोडी सभ्यताही पाळावी.

त्यासाठी आपल्या हाती थोडे आहे. दिवा घेताना मानक चिन्ह पाहावे. अगदीच मातीमोल भावाचा दिवा घेऊ नये. शक्य असल्यास लहानसा ट्रान्झिस्टर दुकानात नेऊन पेटत्या दिव्याजवळ धरून पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावा. घरात घुरघुर असेल तर एकेक खटका बंद करून उगम शोधावा. रेडिओ खिडकीपाशी, विजेच्या तारांपासून दूर ठेवावा. बाहेरचे दिवे उजाडल्यावर मालवावेत. आणि शेजारी कोणी उंच आकाशतार उभारून रात्री-अपरात्री काही ऐकत बसलेला असेल, तर त्याला विक्षिप्त न समजता एकदा विचारावे, "आमच्या दिव्यांचा तुम्हाला त्रास होत नाही ना?"

आमचे वडील दरबारी गवई. मैफलीला बसण्यापूर्वी ते दिवाणखान्यातील लंबकाचे घड्याळ थांबवायला लावीत. टिकटिक कोणालाही जाणवत नसे, पण ते म्हणत, "सूर नंतर लावू, आधी शांतता लावा." दरबार गेले, घड्याळेही बदलली. परंतु दूरचा आणि दुबळा आवाज ज्याला ऐकायचा आहे, त्याला आजही पहिल्याने तेच काम करावे लागते.